आजी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि महापालिका

शिक्षक निवृत्त होतो त्या दिवशी त्याला घड्याळ देतात. भिंतीवरचं, मोठं, तबकडीवर देणाऱ्यांची नावं छापलेलं. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं घंटेच्या ठोक्यावर काढली आणि ज्याला उद्यापासून कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळ देण्यामागे नेमका काय विचार असतो हे कुणी सांगत नाही. शाल होते, श्रीफळ होतं, मग भाषणं. भाषणाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं : ‘गुरुजींनी यापुढचं आयुष्य समाजकार्याला वाहून घ्यावं, अशी मी त्यांना नम्र विनंती करतो.’ टाळ्या पडतात. ही विनंती करणारे केंद्रप्रमुख बहुधा दुसऱ्या गावचे असतात, त्यामुळे परिणाम त्यांना भोगावे लागत नाहीत. पहिल्या रांगेत बसलेल्या गुरुजींच्या बायकोचा चेहरा मात्र तेव्हाच बघण्यासारखा झालेला असतो.

जिल्हा परिषदेचा शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसतो. अठ्ठावन्न हे मोठं अवघड वय. गुडघे अजून कुरकुरायला लागलेले नसतात. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवून पोचवून खणखणीत झालेला असतो. पेन्शन सुरू होते, आणि ओरडायला हाताशी एकही पोर नसतं. इतर खात्यांतली माणसं निवृत्त झाली की सकाळी फिरायला जातात, तब्येतीविषयी बोलतात आणि बँकेत पासबुक भरून आणतात. शिक्षक फिरायला निघतो आणि रस्त्यात त्याला उघडं चेंबर दिसतं. तिथून सगळं सुरू होतं.

मांजरीतल्या ज्या गुरुजींबद्दल मी लिहितोय, ते खरं तर एक गृहस्थ नव्हेत. तीन-चार गुरुजींना एका बाकावर दाटीवाटीने बसवून मी त्यांची एकत्र हजेरी घेतोय. नावं सांगत नाही. सांगितली तर ज्यांचं राहिलं त्यांच्या घरून निरोप येईल आणि ज्यांचं आलं ते शुद्धलेखन तपासून लेख परत पाठवतील. दुसरी भीती मोठी आहे.

मांजरी म्हणजे मांजरी बुद्रुक. हडपसरच्या पुढचं, दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं स्टेशन. नदीपलीकडे मांजरी खुर्द, मधे मुळा-मुठा आणि तिच्यावर हिरवीगार जलपर्णी; लांबून बघणाऱ्या पाहुण्याला हे एखादं मैदान असावं असं वाटतं. गावाला मोठमोठे शेजारी लाभलेत. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून इथे उसाचा अभ्यास करते, १९९७ पासून मांजरी फार्मला द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि साऱ्या जगाला लस टोचणारी सीरम तर आहेच. पण जुन्या माणसाला विचाराल तर तो यातलं काही सांगणार नाही. तो म्हणेल, ‘मांजरी गोटा.’ हे वांगं. गोल, जांभळं, अंगावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे. या वांग्याचा गुरुजींच्या समाजकार्याशी फार जवळचा संबंध आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी या सगळ्याचा मूळ आरोपी कोण ते सांगितलं पाहिजे. महाराष्ट्रात निवृत्त शिक्षकाने स्वस्थ बसू नये हा वाईट पायंडा अण्णासाहेब कर्व्यांनी पाडला. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. टिळक तिथून बाहेर पडल्यावर रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर १८९१ साली आले आणि १९१४ साली निवृत्त झाले. वय छप्पन्न. विधवांसाठी आश्रम काढून झाला होता, तो हिंगण्याला नेऊन झाला होता, स्वतः विधवेशी लग्न करून मुरूडकरांचा बहिष्कारही सोसून झाला होता. एखाद्याने म्हटलं असतं, झालं तेवढं पुष्कळ. यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. एकाहत्तराव्या वर्षी जगाच्या प्रवासाला निघाले, तेही संस्थेची माहिती सांगायला. १९३६ साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांच्या लक्षात आलं की ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तिथल्या पोरांचं कुणी बघतच नाही. म्हणून त्यासाठी एक मंडळ काढलं आणि दारोदार पैसे गोळा करत हिंडले. शहाऐंशीव्या वर्षी समता संघ. शंभराव्या वर्षी भारतरत्न, आणि त्याच वर्षी त्यांचं टपाल तिकीट निघालं, तेव्हा ते हयात होते. १९६२ साली गेले. म्हणजे नोकरी तेवीस वर्षांची आणि निवृत्ती अठ्ठेचाळीस वर्षांची.

गंमत अशी की हेच कर्वे पोरवयात मुरूडहून साताऱ्याला परीक्षेसाठी सुमारे ११० मैल चालत गेले होते आणि तिथे त्यांना ‘वय लहान दिसतं’ म्हणून परत पाठवलं होतं. पुढे वय फार झालंय हे सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. या चरित्राची दुसरी बाजू ज्यांना हवी असेल त्यांनी आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ वाचावं. थोर पुरुषाशी लग्न केल्यावर घरात मीठ आहे की नाही हे कुणाला बघावं लागतं, ते त्यात आहे. आमच्या गुरुजींच्या घरी कर्व्यांची तसबीर भिंतीवर होती. काकू तिला हार घालत, पण तिच्याकडे बघत नसत.

आता गुरुजींच्या कामाची पद्धत. समाजसेवा करायला पैसा लागतो, माणसं लागतात, वशिला लागतो. गुरुजींकडे यातलं काही नव्हतं. त्यांच्याकडे माजी विद्यार्थी होते. गावचा सरपंच त्यांचा विद्यार्थी, उपसरपंच त्यांचा विद्यार्थी, आणि या दोघांविरुद्ध अविश्वास ठराव आणणारेही त्यांचेच विद्यार्थी. वायरमन, वॉलमन, पोस्टमन, रेशन दुकानदार, सगळे एकाच हजेरीपटातले. चौथीत तुम्हाला भागाकार येत नव्हता हे ज्याला माहीत आहे, त्या माणसाला ‘बघतो, करतो’ सांगून वाटेला लावता येत नाही. सरपंच मोठा झाला, गाडीला काळ्या काचा लागल्या, पण गुरुजी समोर आले की काच आपोआप खाली व्हायची आणि आतून आवाज यायचा, ‘आलोच होतो गुरुजी तुमच्याकडे.’

२०००-०१ साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, आणि त्याच्यापाठोपाठ गावोगाव गुड मॉर्निंग पथकं आली. पहाटे उठायचं, रानात-रुळांच्या कडेला डबा घेऊन बसलेल्यांना शिट्टी मारून उठवायचं. बाकी गावांत या पथकांवर दगड पडले असतील. आमच्याकडे पथक म्हणजे गुरुजी आणि त्यांची पीटीची शिट्टी. अंधारात माणूस ओळखणं हे यातलं कसबाचं काम, पण गुरुजी पाठीवरून ओळखत. एकेकाला फळ्यावर गणित सोडवायला उभं करून त्यांनी वर्षानुवर्षं पाठीच तर बघितल्या होत्या. शिव्या नाहीत, उपदेश नाही. शांतपणे जवळ जाऊन विचारायचे, ‘संडासाच्या अनुदानाचा अर्ज भरलास का?’ अर्ज त्यांच्या खिशात, पेनही त्यांचंच. माणूस अशा अवस्थेत सापडलेला असतो की वाद घालायला उठताही येत नाही. सह्या भराभर झाल्या.

वर्गणीचंही तसंच. वाचनालयाला पुस्तकं, शाळेला फळा, कुणा पोरीच्या परीक्षेची फी. गुरुजींचं पावतीपुस्तक कायम चालू. घरोघर फिरलं तर लोक आतून ‘बाहेर गेलेत’ सांगतात. म्हणून त्यांनी जागा शोधून काढली ती रेल्वे फाटकाची. महादेवनगरकडून गावात शिरताना लागणारं हे फाटक ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. एक मालगाडी, मग पॅसेंजर, मग पुन्हा मालगाडी, आणि दोन्ही बाजूंना अख्खं गाव थिजलेलं. पुढे गाडी, मागे गाडी, डावीकडे ट्रॅक्टर, उजवीकडे गटार. गुरुजी या गर्दीतून पावतीपुस्तक घेऊन शांतपणे चालत. हेल्मेट घालूनही उपयोग नव्हता. ते हेल्मेटवर टकटक करत आणि म्हणत, ‘बाळासाहेबाचा ना तू? मागच्या वर्षीचे पण राहिलेत.’ फाटक उघडेपर्यंत निम्मं पुस्तक संपलेलं असे.

या फाटकावर पूल व्हावा म्हणून सगळ्यात जास्त अर्ज कुणी केले? गुरुजींनीच. रेल्वेला, बांधकाम खात्याला, आमदारांना, खासदारांना. प्रत्येक अर्ज तीन प्रतींत, खाली कार्बन लावून, आणि प्रत्येकाची पोच फायलीत टोचलेली. बऱ्याच वर्षांनी पूल झाला. आता गाव फाटकाच्या वरून सुसाट जातं. पूल सुरू झाला त्या वर्षी वाचनालयाची वर्गणी निम्म्याच्याही खाली आली. गुरुजी चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी ते दुधाच्या डेअरीवर रांगेशेजारी उभे असलेले दिसले.

२००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली आणि समितीवर गुरुजींना घेणं भागच होतं. दोन सख्ख्या भावांचा बांधावरून वाद. बांध वीतभर सरकला होता आणि त्यापायी कोर्टात एक अख्खी म्हैस गेली होती. दोघे पन्नाशीच्या आसपासचे, दोघे गुरुजींचे विद्यार्थी. समितीत वकिली बोलणारे बरेच होते. गुरुजींनी सगळ्यांना गप्प केलं, दोघांपुढे दोन कागद ठेवले आणि म्हणाले, ‘वीस ओळी निबंध लिहा. विषय, माझा भाऊ.’ लोकांना वाटलं आता दोघे गहिवरतील, गळ्यात पडतील. तसलं काही झालं नाही. थोरल्याने आठच ओळी लिहिल्या. धाकट्याने वीस लिहिल्या, पण ऱ्हस्व-दीर्घाचा असा काही खून पाडला की गुरुजी बांध विसरले. त्यांनी लाल पेन काढलं आणि समितीसमोर एकेक चूक वाचून दाखवायला लागले. थोरल्याला ते बघवेना. ‘गुरुजी, त्याला चौथीतच शाळा सोडायला लागली, वडील गेले तेव्हा. मी सोडायला पायजे होती, पण सोडली त्याने,’ असं तो तावातावाने म्हणाला. मग दोघेही भाऊ मिळून गुरुजींवर घसरले. वादाच्या बाजू अशा बदलल्यावर बांधाचा कागद तलाठ्याच्या टेबलावर जायला अडचण राहिली नाही. अहवालात नोंद झाली, ‘सामोपचाराने मिटले.’

या सेवेचा मोबदला गुरुजी कधी घेत नसत. ‘पैसा नको’ हे त्यांचं वाक्य गावाला पाठ होतं, म्हणून गाव वांगी आणून द्यायचं. सातबाऱ्यावर नाव लागलं, वांगी. मुलाचं जातीचं प्रमाणपत्र निघालं, वांगी. विधवा बाईची संजय गांधी निराधारची रक्कम सुरू झाली, तर ती माउली स्वतःच्या परसातली चार वांगी पदरात घालून आली. ती नाकारायची कशी? काकूंनी भरली वांगी केली, भाजून भरीत केलं, सुकटीत घातली, डाळीत घातली, शेवटी वाळवलीही. गुरुजींच्या मुलाने इंजिनिअर होऊन पिंपरीला बिऱ्हाड थाटलं, त्यामागे नोकरी जवळ पडते हे सांगायचं कारण होतं. सून एकदा बोलून गेली, ‘सासऱ्यांचं काम फार मोठं आहे, पण ते फार जांभळं आहे.’ काकूंनी तिला त्या दिवसापासून आपल्यात घेतलं.

पालखीच्या दिवशी गुरुजी सोलापूर रस्त्यावर पंधरा नंबर चौकाजवळ दिसत. तुकोबांची पालखी हडपसरहून लोणी काळभोरच्या मुक्कामाला याच रस्त्याने जाते. गावातली मंडळं चहा-केळी वाटतात, डॉक्टर पोरं पायाला मलम लावतात. गुरुजींनी रांग घेतली होती. लांबचा पल्ला डोळ्यासमोर असलेल्या वारकऱ्यांना ते ‘हाताचं अंतर घ्या’ म्हणून सांगत. एका मराठवाड्याच्या म्हाताऱ्याने त्यांच्याकडे निरखून बघितलं, हात पुढे करून अंतर घेतलं आणि विचारलं, ‘मास्तर, प्रार्थना पण म्हणू का?’

मग करोना आला. १२ जानेवारी २०२१ ला पहाटे लसीचे ट्रक सीरममधून बाहेर पडले. टीव्हीवर नारळ फोडताना दाखवले आणि गावाची छाती फुगली. छाती फुगली तसा एक समजही फुगला, की कारखाना आपल्या गावात म्हणजे लस आधी आपल्याला. साठीच्या वरच्यांची नोंदणी १ मार्चला सुरू झाली आणि कळलं की आपली मांजरीही बाकी देशाबरोबर कोविनच्या रांगेत. पारावर आरडाओरडा झाला. गुरुजी समजूत घालायला उभे राहिले : ‘साखर कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्याला साखर फुकट मिळते का?’ मागून एक म्हातारा म्हणाला, ‘सभासदांना सवलतीत मिळायची की गुरुजी.’ थेऊरचा यशवंत कारखाना चालू होता तेव्हाचा सभासद होता तो. गुरुजी निरुत्तर झालेले मी तेवढेच पाहिले.

नोंदणीचं काम साहजिकच त्यांच्याकडे आलं. ओसरीवर टेबल टाकलं, तोंडाला मास्क, मास्कखाली मास्तर. अडचण ओटीपीची होती. म्हातारीचा फोन नंबर म्हणजे नातवाचा नंबर, नातू चाकणला कंपनीत पाळीवर, पाळीवर फोन आत नेऊ देत नाहीत. ओटीपी येऊन मरून जायचा. गुरुजींनी नातवांच्या पाळ्यांचं वेळापत्रक केलं, पट्टीने रेघा मारून. पहिल्या पाळीवाल्यांच्या आज्या दुपारी चारनंतर, दुसऱ्या पाळीवाल्यांच्या सकाळी दहाच्या आत, रात्रपाळीवाल्यांच्या आज्यांनी संध्याकाळी यावं. जन्मतारीख विचारली की उत्तर यायचं, ‘पानशेत फुटलं तेव्हा मला थोरला पोटात होता.’ १९६१, गुरुजी लिहायचे, वजा वीस. हिशेब फळ्यावर करून दाखवायचे, कारण पायऱ्या लिहिल्याशिवाय गुण नाहीत.

खरा घाव त्यानंतर बसला. ३० जून २०२१ ला तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली आणि त्यांत मांजरी बुद्रुक होतं. गाव ग्रामपंचायतीत झोपलं आणि महापालिकेत जागं झालं. लोकांनी पेढे वाटले, कुणी घरपट्टीचा हिशेब मांडून कपाळाला हात लावला. गुरुजींच्या बाबतीत घडलं ते वेगळंच. त्यांचं सगळं भांडवल एका रात्रीत रद्दबातल झालं. दप्तर गेलं, सरपंच माजी झाले, वॉलमनला विचारायचं कुणी हे वॉलमनलाच कळेना. आणि आता ज्या टेबलापुढे उभं राहायचं, त्याच्या पलीकडे बसलेला तरुण साहेब गुरुजींचा विद्यार्थी नव्हता!

शाळेच्या गल्लीतला दिवा बंद होता. गुरुजी अर्ज घेऊन कचेरीत गेले. साहेब सभ्य होता. त्याने खुर्ची दिली आणि म्हणाला, ‘बसा काका.’

काका. गुरुजी घरी येऊन जेवले नाहीत. काकू म्हणाल्या, ‘अहो, वाईट काय त्यात?’ ते म्हणाले, ‘काका म्हणजे कुणीही.’

पण शिक्षक माणूस गणित अडलं म्हणून वही मिटत नाही. दुसऱ्या दिवशी ते परत गेले. अर्जाचं नाव काढलं नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘गाव कुठलं साहेब तुमचं?’

‘करमाळा, काका.’

‘शाळा?’

‘जिल्हा परिषदेचीच. तेव्हा कुठं होतं हो इंग्लिश मीडियम.’

‘चौथीला कोण होतं शिकवायला?’

साहेबाच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडलं. नाव सांगितलं, छडी कशी होती ते सांगितलं, सहलीला तुळजापूरला नेलं होतं ते सांगितलं. गुरुजींनी नाव मनात घोकलं, नमस्कार केला आणि निघाले.

निवृत्त शिक्षकांची संघटना नावाची एक गोष्ट या राज्यात आहे. बाहेरच्यांना वाटतं ही माणसं महागाई भत्त्यासाठी एकत्र येतात. तेवढ्यासाठी येतच असतील. पण प्रत्येकाच्या उशाशी एक डायरी असते आणि तिच्यात तालुक्यागणिक दोन-दोन नंबर असतात. गुरुजींनी सोलापूरला फोन केला, सोलापूरने करमाळ्याला केला. आठवड्याच्या आत एका रात्री जेवता जेवता साहेबाचा मोबाइल वाजला. पलीकडून आवाज आला, वय झालेला, पण चौथीतला : ‘काय रे, मांजरीत शाळेच्या गल्लीत अंधार आहे म्हणे?’

साहेब ताटावरून उठून उभा राहिला, असं त्याच्या बायकोने पुढे काकूंना सांगितलं. दिवा दुसऱ्या दिवशी लागला. एकाच्या जागी दोन लागले. साहेब स्वतः आला, गुरुजींच्या पाया पडला आणि म्हणाला, ‘आधी सांगायचं ना गुरुजी, तुम्ही गुरुजी आहात म्हणून.’

यानंतर गुरुजींचा धंदा नव्या जोमाने सुरू झाला. पाण्याचा माणूस जामखेडचा, रस्त्याचा इस्लामपूरचा, कचऱ्याच्या गाड्यांचा मुकादम परभणीकडचा. प्रत्येकाचे एक गुरुजी कुठेतरी ओसरीवर बसलेले, आणि तेही रिकामेच. व्यवहार अर्थातच दोन्ही बाजूंनी चालायचा. मंगळवेढ्याच्या गुरुजींचा फोन यायचा, ‘तुमच्याकडचा एक मुलगा आमच्याकडे तलाठी आहे, म्हातारीची फेरफार नोंद अडवून बसलाय.’ आमचे गुरुजी लगेच त्या तलाठ्याला लावायचे : ‘काय रे, सातवीत तुझी फी मी भरली होती ती आठवते का? परत नकोय. नोंद कर.’ राज्याचा कारभार मंत्रालयातून चालतो असं ज्यांना वाटतं, त्यांना या डायऱ्या एकदा दाखवायला हव्यात. लाच नाही, वशिला नाही, पक्ष नाही. फक्त एका म्हाताऱ्याने दुसऱ्या म्हाताऱ्याला सांगायचं आणि दुसऱ्याने कुणा पस्तिशीच्या अधिकाऱ्याला त्याची चड्डी गळायची त्या दिवसांची आठवण करून द्यायची.

हा मार्ग फक्त एका ठिकाणी अडला. गावात सोसायट्या झाल्या होत्या, आणि तिथली मगरपट्ट्यात नोकरीला जाणारी माणसं ज्या शाळांतून शिकली तिथे शिक्षिका दर वर्षी बदलत. ‘चौथीला कोण होतं?’ विचारलं तर ‘लक्षात नाही’ म्हणाले. गुरुजींनी त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिरकाव करून घेतला, पण तिथे येणाऱ्या सुविचारांचं शुद्धलेखन तपासून परत पाठवायला लागले, तेव्हा ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहायचं असा नियम झाला. शेवटी त्यांनी तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत मुलांना फुकट मराठी शिकवायला सुरुवात केली. आईबाप खूश झाले. गुरुजींचा हिशेब लांबचा होता : आणखी वीस वर्षांनी यातलं कुणीतरी कुठल्यातरी टेबलामागे बसेल.

साक्षरता वर्गही चालूच होता. नवभारत साक्षरता कार्यक्रमात शिकवणारा स्वयंसेवक असतो आणि त्याला मानधन नसतं, हे कळल्यावर गुरुजींचं नाव यादीत पहिलं गेलं. सत्तरीच्या बायका पाटी-पेन्सिल घेऊन बसायच्या. चाचणीच्या दिवशी दोन विहिणी शेजारी बसल्या आणि एकीने दुसरीचं बघून लिहिलं. गुरुजींनी दोघींचे पेपर काढून घेतले. घरातले सगळे मधे पडले, ‘जाऊ द्या हो, या वयात.’ गुरुजी म्हणाले, ‘या वयात म्हणूनच.’ जिचं बघून लिहिलं ती वरून शांतपणे म्हणाली, ‘लिहू द्या गुरुजी. लग्नातसुद्धा तिने माझं बघूनच केलं सगळं.’

बाकावरच्या या मंडळींतले सगळ्यात थोरले गेल्या पावसाळ्यात गेले. शोकसभा शाळेच्या पटांगणातच झाली. मांडव, स्पीकर, खुर्च्या वर्गणी न मागता आल्या. सगळ्या पक्षांचे पुढारी बोलले आणि प्रत्येकाने आपल्याला किती छड्या बसल्या त्याचा आकडा सांगितला. निवडणूक जवळ होती म्हणून असेल, पण प्रत्येक नव्या वक्त्यागणिक आकडा वाढत गेला. मग श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं. सगळे उठले, माना खाली गेल्या. आणि मग लक्षात आलं की इतकी वर्षं गावातल्या प्रत्येक श्रद्धांजलीला घड्याळ बघून ‘बसा’ म्हणायचं काम गुरुजींचं होतं. दुसऱ्या कुणाला ते सांगितलेलंच नव्हतं. दोन मिनिटं झाली, चार झाली, सात झाली. बसायचं कुणी, हे कुणाला कळेना. नगरसेवकपदाचे तीन इच्छुक एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत होते. आधी बसणाऱ्याला आदर कमी असं ठरलं असतं. शेवटी शाळेची शिपाईबाई वैतागली आणि तिने घंटा दिली.

तेराव्यानंतर तो करमाळ्याचा साहेब काकूंना भेटायला आला. आता त्याची बदली व्हायच्या बेतात होती. काकूंनी चहा टाकला, मुलाबाळांची चौकशी केली, बायकोचं बाळंतपण नीट झालं का विचारलं. मग देवळीतून एक दोनशे पानी वही काढली. पट्टीने आखलेली, चार रकाने : काम, कुणाकडे, कधी सांगितलं, झालं की नाही. काकूंनी चष्मा लावला. वांग्यांपायी ज्या समाजकार्याचा त्या आयुष्यभर उद्धार करत आल्या, त्याची पानं त्या बोटाला थुंकी लावून उलटत होत्या.

‘तुमच्या नावावर तीन आहेत. शाळेमागचं चेंबरचं झाकण. स्टेशनच्या रस्त्याचा खड्डा. आणि हे काय, अंगणवाडीचा नळ.’

‘झाकण उद्या बसवतो काकू. खड्ड्याचं काम मंजूर आहे. नळ माझ्याकडे येत नाही, पण बघतो.’

‘बघतो नको. नळाचे साहेब कुठले?’

‘जामखेडचे.’

काकूंनी शेवटच्या पानावर जामखेड शोधलं, नंबरावर बोट ठेवलं. ‘त्याचं मी बघते. तुम्ही दोन कामांचं लिहून द्या.’

साहेब हसला. ‘काकू, माझ्या शब्दावर विश्वास नाही?’

‘आहे ना. म्हणून तर कार्बन लावला नाही.’

त्याने लिहून दिलं, खाली सही केली आणि वही त्यांच्या हातात दिली. काकूंनी ती चष्म्याजवळ नेली, रकाना वरपासून खालपर्यंत बघितला आणि परत त्याच्यापुढे सरकवली.

‘तारीख राहिली.’